हिरवी बट

मंगळवारी सकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून शून्यराव खडकावरचं शेवाळ उपटत होते, तेव्हा त्यातली एक लांब, ओली, हिरवी बट त्यांच्या तर्जनीभोवती आपणहून गुंडाळली गेली आणि ते हात तसाच पाण्यात ठेवून थबकले. घाबरण्यासारखं तसं काही नव्हतं. गेले तीन महिने ते रोज सकाळी हेच करत आले होते. बाही वर, हात आत, चिमटीत धरायचं, मुळाशी पिरगाळायचं, ओढायचं, बादलीत टाकायचं. न्हाव्याने गिऱ्हाइकाची मान भादरावी इतक्या कोरडेपणाने. पण आज बोट ऐकेना. बोटाला काहीतरी ओळखीचं लागलं होतं. काय ते बोटाला माहीत होतं आणि शून्यरावांना नव्हतं. निवृत्तीनंतर अवयव असे परस्पर कारभार करू लागतात हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा हवामान सांगायचा, जीभ जुन्या सहकाऱ्यांची नावं लपवून ठेवायची, आणि आता हे बोट. त्यांनी हात बाहेर काढला. खारट पाणी कोपरावरून ओघळत बनियनच्या काखेत शिरलं. बट तशीच चिकटून होती. रबरासारखी नाही, चिंधीसारखी नाही, केसांसारखी. नुकत्याच न्हालेल्या लहान मुलीच्या केसांसारखी. मग त्यांना आठवलं, आणि आठवल्यावर ते टाकीसमोरच्या स्टुलावर बसले, कारण अशा गोष्टी उभ्याने आठवू नयेत.

शून्यराव हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि रंग चढला नाही की म्हणायचं, "शून्य." हा शब्द ते अशा तृप्तीने उच्चारत की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कुणीतरी जेवून ढेकर दिल्यासारखं वाटे. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब भाषणात म्हणाले, "यांनी खात्याला आयुष्यभर शून्य दिलं." लोक हसले आणि साहेब हे का हसताहेत म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. शून्यरावांना मात्र ते मनापासून आवडलं होतं. घरातही त्यांनी हीच नोंद राखली होती. भांडणं शून्य. आवाज चढवणं शून्य. बायको तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांना लोकांशी जोडून दिल्यावर संध्याकाळी घरी तिलाही गप्प बसायला आवडत असणार असा त्यांचा समज होता. हा समज त्यांनी नळीत घालून कधी तपासला नव्हता.

टाकी लेकीची. दिवाणखान्यात जिथे पूर्वी कपाट होतं तिथे ती चार फुटी काच उभी होती. आत खारं पाणी, छिद्राछिद्रांचे खडक, दोन पंप, वर निळा दिवा, एक पिवळा चपटा मासा आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं एक जोडपं. पिवळ्याला घरात पिवळाच म्हणत. जोडप्याला बायको "वरच्या मजल्यावरचे" म्हणायची, कारण ते सतत वरच्या खडकापाशी एकमेकांना ढकलत असत. पण टाकीचा जीव या तिघांत नव्हता. तो डावीकडच्या खडकावरच्या एका प्रवाळात होता. लेकीने पहिल्या पगाराच्या दिवशी ते शर्टाच्या बटणाएवढं विकत आणलं होतं. बाकीच्या मुली त्या दिवशी काय काय आणतात, हिने हे बटण आणलं. सहा वर्षांत त्याचा तळहात झाला होता, तांबूस कडांचा, मधोमध हिरवी तोंडं उघडणारा. आठ महिन्यांपूर्वी लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. ती पुलांचे आराखडे काढते आणि पूल काही या शहरात येऊन उभे राहत नाहीत. जाताना म्हणाली होती, "बाबा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. माझा एक मित्र आहे, तो माशांसाठी टब आणेल आणि टाकी घेऊन जाईल. मनाला लावून घेऊ नका." शून्यरावांनी ते तिथल्या तिथे मनाला लावून घेतलं. जमत नसेल म्हणजे काय? चौतीस वर्षं ज्याने अख्ख्या शहराला पाणी पाजलं त्याला चार फूट पाणी जमणार नाही? आणि आता ते हिरवं तळहाताच्या कडेला येऊन ठेपलं होतं. दोन तोंडं मिटली होती. लेक अडीच आठवड्यांनी, शनिवारी येणार होती. दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, काही हिरवं दिसतंय का?" आणि शून्यराव त्याच तृप्त आवाजात सांगत, "शून्य." आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं शून्य होतं आणि ते दर आठवड्याला ताजं करावं लागत होतं.

तर ते केस. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ती चाळीस दिवस इस्पितळात पालथी पडून होती. चाळीस दिवस सकाळी लेकीची वेणी शून्यरावांनी घातली. म्हणजे घातली असं त्यांचं म्हणणं. ओल्या केसांतून कंगवा काढताना तो मध्येच अडकायचा, तिचं डोकं मागे यायचं, ती हूं की चूं करायची नाही. भांग पाडताना ते एक डोळा मिटत, अगदी नळी बघतात तसा, तरी भांग कपाळावरून निघून भलतीकडेच जायचा, पायवाट डबक्याला वळसा घालून जाते तसा. "झाला सरळ?" ते विचारत. "झाला," ती आरशात बघून सांगायची. एकदा प्रयोगशाळेत वीज गेली म्हणून ते वेळेआधी सुटले आणि तिला आणायला शाळेत गेले, तर फाटकातून आलेल्या पोरीचा भांग दोरीने आखल्यासारखा. वेणी घट्ट, रिबीन भलत्याच गाठीची. तिच्या बाई रोज सकाळी वर्गात ती सोडून परत घालत असत, आणि ही पोरगी रोज घरी येण्याआधी, जिन्यात उभी राहून, ती पुन्हा थोडी सैल करत असे, बाबांना कळू नये म्हणून. त्या दिवशी तिला जिना मिळाला नाही. तिने एकदम दप्तर डोक्यावर धरलं. ऊन नव्हतं. शून्यरावांनी काहीच पाहिलं नाही असं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कंगवा घेऊन बसले, एक डोळा मिटून. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. बोट मात्र अजून तिथेच होतं.

त्यांनी ती बट बादलीत टाकली नाही. थोडा वेळ बशीत ठेवली. मग बायको चहा घेऊन आली आणि बशीत बघून म्हणाली, "हे खायचंय की पुरायचंय?" तेव्हा टाकली.

आतापर्यंत त्यांनी काय केलं नव्हतं? पाणी बदलून झालं, आठवड्याला दोन बादल्या, स्वतः मीठ कालवून. निवृत्त टूथब्रशाने खडक घासून झाले. तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीवर चादर पांघरून झाली, तेव्हा बायको बाहेरून आली, दारात थबकली आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं?" शेवाळाला मात्र यातलं काही पोचलं नाही. ते घासलं की वाढत होतं, उपटलं की दाटत होतं, आणि अंधारात तर त्याला छान झोप लागली असावी, कारण चादर काढली तेव्हा ते ताजंतवानं होतं. आणि रोज संध्याकाळी शून्यराव पाणी तपासत. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. शेवाळ ज्यावर जगतं ते दोन्ही पाण्यात औषधालाही नव्हतं. म्हणजे कागदोपत्री शेवाळ नव्हतं. खात्यात असते तर त्यांनी तसं लिहून फाइल बंद केली असती.

बुधवारी ते माशांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंना ते मनातल्या मनात डॉक्टरीण म्हणत, कारण त्या रोग्याकडे न बघता औषध सांगत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हात कायम ओले, आणि बोलताना नजर गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून मागच्या टाकीत.

"नायट्रेट?" बाईंनी विचारलं.

"शून्य."

"फॉस्फेट?"

"शून्य."

"मग ते काय हवा खाऊन वाढतं?"

"तेच विचारायला आलोय."

"खायला किती घालता?"

"एक चिमूट. दिवसातून एकदा."

"चिमूट दाखवा." शून्यरावांनी बरणीतून दाणे चिमटीत घेऊन दाखवले. बाईंनी चष्मा कपाळावर नेऊन बघितलं. "ठीक आहे. घरात अजून कोण घालतं?"

"कुणी नाही."

"मग तुमची नळी खोटं बोलते."

"नळी खोटं बोलत नसते," शून्यराव म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चढला होता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ही दंगल होती.

"बरं, नळी खरी. पाण्यात शून्य आहे म्हणजे ते शेवाळाच्या पोटात आहे. तुम्ही येण्याआधी ते जेवून घेतं, आणि तुम्ही येऊन रिकामी ताटं मोजता." बाईंनी एका टाकीत हात घालून मेलेली गोगलगाय काढली, वास घेतला आणि फेकली. "तुमच्याकडे पिवळा आहे ना? त्याचं तर अन्नच आहे ते. तो काय म्हणतो?"

"ढुंकून बघत नाही."

"मग त्याचं पोट भरलेलं आहे. एका चिमटीत तीन मासे भरत नाहीत, साहेब. घरी विचारा."

घरी विचारा म्हणजे कुणाला? घरी बायको होती, आणि बायकोने टाकीला हात लावू नये अशी व्यवस्था लेकीने स्वतः केली होती. निघायच्या दिवशी सामान खाली नेताना तिने बाबांना लिफ्टपाशी थांबवलं होतं आणि दाण्यांचा डबा हातात दिला होता. "खाऊ तुम्हीच घाला, बाबा. सकाळी एक चिमूट. आई विसरेल. पण तिला बोलू नका हं, तिला वाईट वाटेल." शून्यरावांनी तो डबा आपल्या नळ्यांच्या खणात ठेवला होता आणि आठ महिने, बायको उठायच्या आत, एका चिमटीची ही गुप्त नोकरी विनारजा केली होती. परतताना त्यांनी दहा गोगलगायी आणल्या. बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "ह्या आपल्याला मारणार की आपण ह्यांना?" ते म्हणाले, "बघू." त्या दिवशीचं संभाषण एवढंच. आता मोजायला बसलं तर आदल्या दिवसापेक्षा जास्तच.

शुक्रवारी दुपारी ते नेहमीप्रमाणे वाचनालयात गेले, तर खुर्च्यांना पॉलिश चाललं होतं. उभ्याने झोप येत नाही, म्हणून ते परत फिरले. लॅचची किल्ली फिरवून दार ढकललं, एक चप्पल काढली आणि दुसरी काढता काढता आतून आवाज ऐकला. बायको बोलत होती. फोनवर असेल असं आधी वाटलं. पण फोनवर माणूस मध्येच ऐकायला थांबतो, ही थांबत नव्हती. थांबत होती ती वेगळ्याच कारणाने, समोरचा जेवत असताना आपण थांबतो तशी. चपलांच्या कपाटाच्या आरशात टाकीचा कोपरा दिसत होता. शून्यरावांना आरशात बायकोचा हात दिसला, दाण्यांचा डबा दिसला, अगदी तसाच, त्याच झाकणाचा, आणि चिमूट दिसली. चिमूट कसली, ती पाच बोटांची चांगली घसघशीत चिमट होती. वाढताना तिचा हात नेहमीच सैल.

"वरच्या मजल्यावरचे, ढकलाढकली नको. लाइन रिकामी झाली की तुम्हाला देते," ती म्हणत होती. हा तिचा एक्स्चेंजमधला आवाज होता. शून्यरावांनी तो कधीच ऐकला नव्हता. गुळगुळीत, हसरा, आणि त्यात कुणालाही न दुखावता थांबवण्याची कला. "पिवळे साहेब, तुमचं चालू द्या. तुमचे मालक गेलेत वाचनालयात झोपायला. झोपतातच, मला माहीत आहे, गालावर खुर्चीची जाळी उठते. सकाळी त्या बुधल्यात डोकं घालून बसतात, बोटं बघा कशी झालीत, मनुका नुसत्या. मी म्हटलं कोण गेलं, तर हसलेसुद्धा नाहीत. चांगला विनोद होता की नाही? तुम्ही सांगा. तीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी जोडली, पण मध्ये आपण बोलायचं नाही असा नियम. आता नियम नाही तर माणूस बोलत नाही." दाणे पडल्याचा बारीक आवाज. "लेक म्हणाली, आई तू घाल दुपारी, बाबा विसरतील, पण त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. विसरणारा माणूस आहे का हा? पण सांगितलंय तर सांगितलंय. जेवा."

शून्यरावांनी काढलेली चप्पल परत घातली, दार लोटलं आणि ते जिना उतरले. खाली उतरल्यावर कळलं की डाव्या पायात चप्पल उलटी आहे. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर एक बाक होता, त्यावर ते बसले. दुरुस्तीवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. कुठूनतरी सुटतं आहे हे नक्की, कुठून ते कळत नाही, मग एके ठिकाणी बुडबुडा येतो. बुडबुडा आला. दुरुस्तीवाल्याने तिथे पेन्सिलीने खूण केली. शून्यरावांना त्याच्या त्या खुणेचा एकदम हेवा वाटला. म्हणजे दोन डबे. दोन चिमटी, आणि त्यातली एक पाच बोटांची. आठ महिने दोघं एकमेकांपासून चोरून एकाच लेकीचा शब्द पाळत होते आणि त्या सगळ्या इमानदारीचं शेवाळ झालं होतं. नळी खरी होती. पाण्यात शून्यच होतं, कारण जे होतं ते लगेच कुणीतरी खाऊन टाकत होतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांना थोडं गार वाटलं. मग त्या चौतीस वर्षांत आपण जी शून्यं दिली त्यांच्या मागे कोण जेवत होतं? आणि घरातलं ते शून्य, ज्याचा आपल्याला एवढा अभिमान, भांडण नाही, तक्रार नाही, आवाज नाही? तिचे सगळे शब्द रोज दुपारी पिवळा खात होता. आपण संध्याकाळी येऊन रिकामी ताटं मोजत होतो आणि स्वच्छ आहे म्हणत होतो. तेवढ्यात दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, चप्पल उलटी आहे." शून्यराव म्हणाले, "माहीत आहे," आणि त्यांना हसू आलं. कोण गेलं. चांगला होता विनोद. महिनाभर उशिरा, सायकलच्या दुकानासमोर, ते एकटेच हसले. मग उठून, दारात मुद्दाम दोनदा खोकून, घरी गेले.

आता करायचं काय हा प्रश्न सोपा होता आणि म्हणून अवघड. बायकोला सांगितलं की तू घालू नकोस, तर दुपार गेली. ती काही नुसत्या रिकाम्या हाताने माशांशी बोलणार नाही, बाई निमित्ताशिवाय कुणाच्या दारात जात नाही. शिवाय ऐकलं हे कळणार. चाळीस वर्षांच्या संसारात चोरून ऐकण्याचा गुन्हा त्यांनी पहिल्यांदाच केला होता, आणि तोही चपलेसह. राहता राहिली स्वतःची चिमूट. ती थांबवली की झालं. लेकीला दिलेला शब्द मोडेल, पण तिची टाकी तिच्याकडेच राहील. मित्र टब घेऊन येणार नाही. शनिवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी उठले, टाकीसमोर बसले आणि काहीच केलं नाही. तिन्ही मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. "दुपारी मिळेल," शून्यराव हळू आवाजात म्हणाले. माशांशी बोलायची त्यांची पहिलीच वेळ. वाटतं तितकं अवघड नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कधीतरी, बुधवारी बहुधा, जेवताना बायकोने विचारलं, "सकाळी लवकर उठून काय करता हो तुम्ही?"

"बघत बसतो."

"फक्त बघता?"

"फक्त बघतो." बऱ्याच दिवसांनी त्यांनी शंभर टक्के खरं उत्तर दिलं होतं. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ट्रंककॉलवर कुणी थाप मारतंय हे ऑपरेटरला कळावं आणि मध्ये बोलायचा नियम नसावा. पण ती हसत होती. शून्यरावांना वाटलं, आज काही विशेष आहे का? नव्हतं. त्यांनी धाडस केलं. "ते मघाचं... म्हणजे मागचं. चादरीचं. कोण गेलं म्हणालीस ना तू."

"केव्हा?"

"झाला महिना. बरा होता विनोद."

बायकोचा घास हातातच राहिला. "इतका खोल होता का?" ती म्हणाली.

त्याच सुमाराला पिवळा बदलला. तीन महिने ज्याने हिरव्याकडे पाहुण्यासारखं पाहिलं होतं, तो एका सकाळी मागच्या खडकापाशी तिरका झाला, तोंड पुढे काढलं आणि शेवाळाची एक बट तोडली. चावली. थांबला. विचार केल्यासारखा दिसला. मग दुसरी. दुपारपर्यंत तो खालमानेने खडकावर असा लागला होता की जणू ठरावीक मुदतीत रान साफ करायचं कंत्राट घेतलंय. वरच्या मजल्यावरच्यांनीही ढकलाढकली सोडून खडकाच्या भेगांतून बारीकसारीक काही टिपायला सुरुवात केली. शून्यराव स्टुलावर बसून हे अशा समाधानाने बघत, जसं आपल्या हाताखालचा माणूस निवृत्तीआधी अचानक कामाला लागला आहे. एक चिमूट कमी केली तर केवढा फरक, ते मनात म्हणत. गणित. शेवटी सगळं गणित आहे. ते स्वतःही उपटत होतेच, पण आता बोटांना घाई नव्हती. मूठभर निघायचं ते चिमूटभर निघू लागलं. तळहाताच्या कडेचं हिरवं मागे हटलं आणि एका सकाळी मिटलेल्या दोन तोंडांतलं एक उघडलं. शून्यरावांनी चष्मा पुसला. दुसरंही उघडत होतं, आळस दिल्यासारखं. ते बायकोला हाक मारणार होते. मग त्यांना आठवलं की हाक मारून बोलवायची आपली पद्धत नाही. त्यांनी मारली. ती आली, ओल्या हाताने पदर सावरत, बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "जांभई देतंय." दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. मधल्या एका दुपारी ते वाचनालयातून जरा लवकर निघून दाराबाहेर थांबले होते, आवाज ऐकायला. आवाज येत होता. गुळगुळीत, हसरा. शब्द कळले नाहीत आणि त्यांनी कळून घेतलेही नाहीत. चालू आहे ना, बास.

शनिवारी लेक आली. केस मानेपर्यंत कापलेले, पाठीवर पिशवी, आणि चप्पल न काढता थेट टाकीसमोर. शून्यराव तिच्या मागे उभे राहिले, बायको त्यांच्या मागे. कुणाच्या निकालाच्या दिवशी उभं राहावं तसे. लेकीने आधी तळहात पाहिला. एक, दोन, करत सगळी तोंडं मोजली. मग खडक, मग काचेचे कोपरे, मग मागचा पंप. "बाबा," ती म्हणाली, आणि काच हलकेच थापटली. मग तिचं लक्ष माशांकडे गेलं. तिघेही काचेवर येऊन तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की त्यांना तक्रारवही हवी आहे. "हे इतके सडसडीत कसे झाले? ह्यांना खायला कोण घालतं?"

"ही," शून्यराव म्हणाले.

"हे," त्याच वेळी बायको म्हणाली.

बायको सावकाश पुढे आली. "तुम्ही सकाळी घालता. तुमच्या खणात कात्री शोधायला गेले तर डबा होता. मागच्या सोमवारी नाही, त्याच्या मागच्या. मी म्हटलं, दोघांचं होतंय म्हणूनच हे हिरवं माजलंय. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. तुमचं कशाला बंद करायचं? तेवढंच सकाळी उठायला कारण आहे तुम्हाला."

"मी त्याच्या आधीच्या शनिवारपासून बंद केलंय," शून्यराव म्हणाले.

"का?"

याचं उत्तर द्यायचं म्हणजे चपलेपासून सुरुवात करावी लागली असती. "तुझी दुपार आहे ना," ते म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग माशांकडे पाहिलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कळलं तिला. एका वाक्यात. तीस वर्षं अर्धवट वाक्यं ऐकलेली बाई.

"मग घालत नव्हतीस तर दुपारी बोलत काय होतीस?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"माफी मागत होते त्यांची," बायको म्हणाली.

"थांबा," लेक बोटांवर मोजत होती. "म्हणजे अकरा दिवस ह्यांना कुणीच काही घातलं नाही?"

"पिवळ्याने केली व्यवस्था," शून्यराव म्हणाले. "जे आठ महिने आपण घातलं, ते त्याने खडकावरून वसूल केलं."

लेक खाली स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर ते दप्तर डोक्यावर धरतानाचं सगळं एकदम आलं. "माझीच चूक आहे," ती म्हणाली. "मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं. म्हटलं, दोघांतला एक तरी लक्षात ठेवेल."

"एक नंबर दोघांना जोडून दिलास आणि दोघांनाही सांगितलंस, लाइन तुमचीच आहे," बायको म्हणाली. "माझ्या हाताखाली असतीस तर तुला पहिल्या दिवशी घरी पाठवली असती."

"घरीच आलेय," लेक म्हणाली. तिने फोन काढून कुणाला तरी काहीतरी लिहिलं. मित्राला असावं, कारण लिहून झाल्यावर म्हणाली, "त्याला सांगितलं, टब आणू नकोस." शून्यरावांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता. तो त्यांना फार सुंदर वाटला. मग खाऊचा नवा कायदा झाला. एकच डबा, एकच चिमूट, दुपारी, बायकोच्या हाताने. पण चिमूट मोजून तिच्या तळहातावर ठेवणार शून्यराव, कारण तिच्या पाच बोटांचा भरवसा नाही. म्हणजे दुपारी त्यांना घरी थांबावं लागणार. "वाचनालयाचं काय?" लेकीने विचारलं. बायको टाकीकडे वळली आणि त्या गुळगुळीत आवाजात म्हणाली, "पिवळे साहेब, मालकांना सांगा, झोपायची खुर्ची घरात पण आहे." शून्यराव म्हणाले, "पिवळ्याला म्हणावं, निरोप मिळाला."

त्या दुपारी मासे जेवत असताना शून्यरावांनी बाही वर केली. मागच्या खडकावर शेवाळाचा एकच झुबका उरला होता, लिंबाएवढा, पंपाच्या झोतात हलणारा. तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता. पिवळ्याला तोंडी लावायला, असं ते विचारलं तर सांगणार होते. त्यांनी निवृत्त टूथब्रश घेतला, हात कोपरापर्यंत आत घातला, एक डोळा मिटला आणि त्या झुबक्याच्या मधोमध सावकाश भांग पाडला. अर्धे केस इकडे, अर्धे तिकडे. बोट शांत होतं. "झाला सरळ," ते पुटपुटले. लेक त्यांच्या शेजारी येऊन वाकली, नाक काचेला लावलं, कापलेले केस कानामागे टाकले आणि बराच वेळ पाहिलं.

"वाकडाय, बाबा," ती म्हणाली. "राहू दे तसाच."